गच्चीवरचा मळा



ज्या गादीवरून चूक झाली त्याच गादीवरून ती कबूल करावी, असा आमच्या गुरुजींचा दंडक होता. तसे मी 2025 च्या सप्ताहात केले. पण त्या दिवशी जे मंडपात नव्हते त्यांच्याही कानावर ते जावे, म्हणून हे चार शब्द मासिकाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

प्रसंग असा. 2024 च्या वैशाखात ठाण्याच्या बाजूच्या एका उपनगरात सप्ताह होता. पाचव्या दिवशीची सेवा माझ्याकडे आणि निरूपण सावता महाराजांचे. मृदंग चांगला लागलेला, टाळकरी तरुण, मंडप भरलेला. अशा वेळी बुवांच्या जिभेला जो चेव येतो तो मलाही आला. मी म्हणालो, "सावताबांनी मळा केला तो अरणच्या जमिनीत. आता आमच्या शहरातले सावताबा बघा! सातव्या मजल्याच्या वर, फुटक्या बादलीत चार भेंड्या लावायच्या. एक भेंडी आली की तिचे दहा फोटो काढायचे. आणि भाजी आणायला पिशवी घेऊन बाजारात जायचे ते जायचेच!" मंडप पोट धरून हसला. आपल्या बोलण्यावर लोक हसले की बुवाला ते खरेच वाटू लागते, हा या धंद्यातला मोठा धोका आहे. धंदा हा शब्द मुद्दाम वापरला.

कीर्तन संपले, माळ-बुक्का झाला, आणि धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ पाया पडायला आले. मी हात धरून उठवले, तर नखांत माती. म्हणाले, "बुवा, सेवा गोड झाली. उद्या सकाळी आमच्या गच्चीवर पायधूळ झाडा." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, मी काहीतरी सबब सांगितली असती.

सकाळी गेलो. सात मजली इमारत, वर मोकळी गच्ची, आणि तिच्यावर रंगाचे रिकामे डबे, आंब्याच्या पेट्या, कानतुटक्या बादल्या, मधोमध आडवी कापलेली एक जुनी पाण्याची टाकी. प्रत्येकाखाली दोन दोन विटा, म्हणजे स्लॅब ओला राहू नये. डब्यांत निम्मीअधिक माती नव्हतीच. रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडे, वाळका पाला, खरकट्याचे कुजवलेले खत, आणि वर माती हाताएवढी. "नुसती माती भरली तर वजन स्लॅबला सोसत नाही, आणि सेक्रेटरीलाही सोसत नाही," म्हातारबा म्हणाले. गळतीच्या भीतीने सोसायटीत दोनदा भांडणे झाली होती म्हणे. त्या डब्यांत लाल माठ, अळू, मायाळू, मिरची. मेथी नुकतीच उपटलेली. सहा-सात घरांची मंडळी तिथे कामाला होती. मी खुर्ची टाकून बसलो आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला: शहरात भाजी दारावर येते, पैसे टाकले की मिळते, मग हा उपद्व्याप कशासाठी?

उत्तरे ऐकता ऐकता मला गीतेचा सातवा अध्याय आठवला. तेथे भगवंतांनी आपल्याकडे येणारे चौघे सांगितले आहेत: दुःखाने पोळलेला आर्त, जाणून घेऊ पाहणारा जिज्ञासू, काही मिळावे म्हणून येणारा अर्थार्थी, आणि ज्ञानी. तशीच मातीकडे येणारी माणसेही चार जातींची असतात, हे त्या गच्चीवर बसल्या बसल्या ध्यानात आले.

सातव्या मजल्यावरच्या एक मावशी रोज लोकलने कचेरीत जात. रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठाने पालक आणि माठ वाढलेला मुंबईकर माणूस जन्मभर पाहतो. त्यांनीही वीस वर्षे पाहिला. "एक दिवस घरी पालक निवडताना त्या नाल्याचं पाणी डोळ्यांपुढं आलं, बुवा. घास उतरेना." दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिली कुंडी आणली. ही आर्ताची वाट. भयाने माणूस मातीकडे वळतो हे काही नवीन नाही. केरळात कासरगोडकडे काजूच्या बागांवर विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. त्याने माणसांच्या दोन पिढ्या कशा होरपळल्या ते सर्व देशाने वाचले, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाला त्या औषधावर बंदी घालावी लागली. त्याच केरळात पुढे तिरुवनंतपुरमसारख्या शहरांतून घरोघर गच्चीवर पिशव्यांमध्ये भाजी लावण्याची चळवळ उभी राहिली आणि सरकारनेही पिशव्या व रोपे वाटली. मोठ्या भयाचीही उदाहरणे आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात लोकांनी फुलबागा खणून बटाटे लावले. आपल्याकडे 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला, आणि 'अधिक धान्य पिकवा'चा पुकारा झाला. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला तेव्हा क्यूबाला मिळणारे तेल आणि खत आटले, आणि हवाना शहराच्या रिकाम्या जागांतून भाजीचे वाफे उभे राहिले. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. युद्ध संपले, बाजार भरला, आणि इंग्लंड-अमेरिकेतले बहुतेक वाफे पुन्हा गवताखाली गेले. भय माणसाला दारापर्यंत आणते. आत बसवून घ्यायला दुसरे काही लागते.

दुसरे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, कित्येक शहरांत दोनशेला जाऊन भिडला, तेव्हा त्यांनी हिशोब मांडून दहा डबे टोमॅटो लावला. अर्थार्थी! रोपे वाढली, बांधली, मावा पडला तो कडुनिंबाच्या अर्काने घालवला, आणि फळ लाल होईपर्यंत सप्टेंबर उजाडला. तोवर भाव असा कोसळला की शेतकरी क्रेट रस्त्यावर ओतू लागले. "बुवा, डबे, खत, सुतळी सगळं धरलं तर माझा टोमॅटो बाजारापेक्षा कितीतरी महाग पडला." मी मनात म्हटले, माझेच कीर्तन हे बोलत आहेत. पण ते पुढे म्हणाले, "त्या दिवशी बातमीत तो ओतलेला माल पाहिला आणि पहिल्यांदाच पोटात कालवलं. तीन महिने रोप सांभाळायला काय लागतं ते ठाऊक झालं होतं ना. तेव्हापासून भाजीवालीशी घासाघीस सुटली." आता सांगा, ज्याला मी चार भेंड्यांचा सावता म्हणून हसलो त्याला बादलीभर मातीने जे शिकवले, ते माझ्या चाळीस वर्षांच्या कीर्तनांनी किती जणांना शिकवले असेल? भगवंतांनी त्या अध्यायात ज्ञानी आपल्याला विशेष प्रिय म्हटला आहे, पण त्याच्या पुढेच चौघांनाही उदार म्हटले आहे, अर्थार्थ्याला वगळलेले नाही. मी वगळले. हा श्लोक मला वयाच्या बाराव्या वर्षापासून पाठ आहे.

जिज्ञासूंचे लांबवत नाही. दोन मुले होती, त्यांनी शाळेसाठी बाटलीत चवळी रुजवली ती वाढत वाढत गच्चीवर आली, आणि मागोमाग त्यांचे आईबाप. मोठ्यांतले जिज्ञासूही महाराष्ट्रात थोर होऊन गेले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे माणूस, पण त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्यांना आणि शहरातल्यांनाही असे शिकवले की पडलेला पाला आणि ऊन हेच भांडवल, ते वाया घालवू नका. त्यांच्याच वाटेने मुंबईत गच्चीशेतीचे प्रयोग झाले. या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच खरकट्याचे खत करून, भाजी आणि फळझाडे वाढली. हजारो ताटांचे उरलेसुरले जेथे फेकले जायचे तेथेच ते रुजले. अन्नाला ब्रह्म म्हणणारे आम्ही. आम्हाला हे आधी सुचायला हवे होते.

गीतेत नसलेला पाचवाही एक प्रकार मला तिथे भेटला, तो म्हणजे नियमाने आलेला. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना सांगितले की ओला कचरा तुमच्याच आवारात जिरवा. जिरवला तर खत झाले. खत झाले, आता त्याचे करायचे काय? म्हणून अळू लावले. सक्तीने देवळात आणलेले पोर पुढे टाळकरी होते, तसेच हे. हसू नका, मीही असाच आलो.

येथे पाठशाळेतल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. भाजीचा मळा वस्तीच्या आणि पाण्याच्या कडेला असावा ही कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाचे प्रकरण आहे; त्यात कोणत्या जमिनीत काय लावावे हे सांगताना विहिरीच्या भोवतालची जागा पालेभाज्यांना आणि कंदमुळांना दिली आहे. कोकणातले परसू पाहा, मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळू. तीच विहिरीची कड आज बाल्कनीत आली, एवढेच. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांसाठी कुणपजल नावाचे द्रवखतही सांगितले आहे. मात्र ते मांस-चरबी कुजवून करायचे असते, तेव्हा माळकऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ताक आणि शेणखत आपल्याला पुरे. आणि दर मराठी दारात तुळशीची कुंडी पहिल्यापासून आहेच. शहरात आलेल्या माणसाने घर सोडले, शेत सोडले, कित्येकांनी भाषाही सोडली. ती एक कुंडी सोडली नाही. बहुतेकांच्या भाजीची सुरुवात तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेतून झालेली असते.

असो. आता त्या म्हातारबांकडे येतो, कारण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते त्यांच्याकडेच आहे.

ते माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात विशीच्या आत-बाहेर असताना मुंबईस आले, गिरणीला लागले. 1982 चा संप झाला, गिरणी सुटली, मग पहारेकऱ्याचे काम केले. गावाकडची जमीन भावांच्या वाटण्यांत दीड एकर राहिली, तीही पडीक. पण आषाढी वारी तीस वर्षे चुकली नाही, जोडीने चालायचे. बाईंना एक छंद होता. माहेरच्या पावट्याचे बी राखेत घोळून डबीत ठेवायचे, दर वर्षी गावी बहिणीच्या बांधावर टोकायचे, आणि नवे बी पुन्हा डबीत. 2020 च्या फेब्रुवारीत बाई वारल्या. मार्चअखेर टाळेबंदी. त्या वर्षीचे आपण सगळ्यांनी पाहिले आहे: प्रस्थान मोजक्या लोकांत झाले, आणि दशमीला पादुका फुलांनी सजवलेल्या एस.टी.तून पंढरपुरास गेल्या. लाखो वारकरी ज्याच्या त्याच्या घरात. सावताबा पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, म्हणून आपण त्यांचे कौतुक गातो. त्या वर्षी देवाने सगळ्यांनाच सावताबा होऊन दाखवा म्हटले. आमच्यापैकी किती जणांना जमले, हा प्रश्न मी स्वतःला आजवर विचारलेला नव्हता. मी घरात बसून चरफडत होतो आणि दिवसभर बातम्या पाहत होतो.

म्हातारबा प्रस्थानाच्या दिवशी बुक्क्याची डबी शोधत होते. हाताला दुसरीच डबी लागली. उघडली तर राख आणि पावटे. "वारी चुकली, बुवा. म्हटलं बी तरी चुकू नये." पाण्याच्या बादलीला खिळ्याने भोके पाडली, खालच्या बागेतली माती चोरून आणली ('चोरून' हा त्यांचाच शब्द), आणि सहा दाणे टोकले. कार्तिकात शेंगा आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी त्यातले बी शेजारच्या घरांत वाटले. मावशींची कुंडी, बँकवाल्यांचे डबे, मुलांची चवळी ही सगळी एका गच्चीवर आली ती त्या बियाच्या मागे.

मी म्हटले, "म्हणजे तुम्हीच इथले सावताबा." बुवांना असली वाक्ये जिभेवर तयार असतात.

ते जरा घुटमळले. "न्हाई बुवा. मी भाजी पिकवत न्हाई. कारभारणीचं बी मोडू नये म्हणून राखतो. भाजी आपली येती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला बोलावलं ते एक विचारायचं होतं. दोन वर्सं सरकारनं अडवलं. बावीस सालापासून वारी सुरू झाली, पण माझा पाय निघत न्हाई. प्रस्थान येतं तवाच बी टोकायचं असतं. ते उघड्यावर टाकून जाववत न्हाई. काल तुम्ही सांगितलं, सावताबा मळा सोडून गेले न्हाईत. मग माझं हे तसंच झालं, का मोह झाला?"

वाचकहो, चाळीस वर्षे मी सावताबांचे निरूपण करतो आहे. कर्म हीच पूजा, मळा हेच पंढरपूर, हे सांगताना माझा आवाज कधी अडखळला नाही. प्रश्न गादीवरून आला असता तर तत्काळ उत्तर दिले असते. त्या विटांवरच्या डब्यांमध्ये बसून मला ते देता येईना. सावताबा गेले नाहीत, कारण देव मळ्यात होता. अरणला त्यांनी शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 साली देह ठेवला. आजही त्यांच्या पुण्यतिथीला देवाचीच पालखी पंढरपुराहून तेथे येते. जिथे देव येतो तिथून भक्ताने निघायचे कशाला? पण या माणसाला वेलात देव दिसत होता की बाई दिसत होती? आणि बाई दिसत असेल तर ते सोड, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? जिच्यासोबत तीस वर्षे वारी केली तिला विसरून वारी कशी करणार? पूर्वपक्ष कळत होता, उत्तरपक्ष सुचत नव्हता.

आणि आणखी एक टोचत होते. पाठशाळेत गुरुजी प्रत्येक विद्यार्थ्याला मंदिरामागे एक वाफा देत. मी लघुकौमुदीत हुशार. सूत्रे आधी म्हणून दाखवायचो आणि खुरप्यातून सुटका करून घ्यायचो. माझा वाफा एक धाकटा विद्यार्थी निंदायचा. तेव्हापासून माझ्या नखांत माती गेलेली नाही. सावताबांचे चरित्र सांगून मला मानधन मिळाले, शाली मिळाल्या. खुरपे मी हाती धरले नाही.

तोंडातून निघून गेले, "तुम्ही जा. मागे हे मी बघतो."

माझे दोन्ही गुडघे त्याच हिवाळ्यात बदललेले. चालायची वारी डॉक्टरांनी बंद केलेली, मुक्काम मुलाकडे, त्याच उपनगरात. म्हातारबांनी माझ्याकडे असे पाहिले की बियाणे उधार मागणाऱ्याकडे पाहावे. मग दोन दिवस शिकवले. मी पाण्याची झारी घेऊन गेलो होतो, ते हसले. "आषाढात पाणी घालायचं न्हाई बुवा, काढायचं." मुंबईच्या पावसात डब्यांची भोके बुजतात, मूळ कुजते, रोज तारेने भोके मोकळी करायची. गोगलगायी रात्री येतात, त्या हाताने वेचून पलीकडच्या पडीक जागेत सोडायच्या. वेलाला काठी आणि बांधायला जुन्या लुगड्याची चिंधी, सुतळी नव्हे, सुतळीने कोवळा देठ कापतो. बारा डब्यांत बी टोकून ते आळंदीला गेले.

मी रोज लिफ्टने सातव्या मजल्यावर आणि पुढचा एक जिना कठडा धरून. पाचव्या दिवशी अंकुर वर आले, दोन दोन पानांचे, डोक्यावर अजून बियाची टोपी. साठी उलटलेल्या माणसाने याबद्दल काय लिहावे? मी सुनेला हाक मारून दाखवायला नेले, आणि हो, फोटोही काढला.

एका रात्री फार पाऊस झाला. सकाळी गेलो तो दोन डबे पाण्याने तुडुंब, तार मी आदल्या दिवशी घातली नव्हती. कंटाळा केला होता, दुसरे कारण नाही. त्यातली रोपे कुजली. संध्याकाळी फलटणच्या मुक्कामावरून म्हातारबांचा फोन आला. मागे टाळ ऐकू येत होते. सांगावे की न सांगावे, असे क्षणभर झाले, मग सांगितले. पलीकडे नुसतेच टाळ. मग विचारले, "बाकीची?"

"बाकीची आहेत. दहा डबे."

"मग तुमचा पाय बरा हाय का?" आणि फोन ठेवला.

एकादशीला मी मुलाच्या गाडीतून पंढरपुरास गेलो. एक दिवस गच्ची मावशींनी सांभाळली. त्या गर्दीत भेट होणे शक्य नव्हते. बारशीनंतर तिसऱ्या दिवशी म्हातारबा परतले ते पिशवी खांद्यावरच ठेवून आधी वर गेले. मी मागून धापा टाकत पोहोचलो तर ते डबे मोजत होते. मोजून झाले आणि चुरमुरे माझ्या हातावर ठेवले. मोहाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. मलाही त्याचे उत्तर अजून नीटसे आलेले नाही, हे येथे लिहून ठेवतो. कोणा अधिकारी वाचकांना सुचले तर त्यांनी जरूर कळवावे.

कार्तिकात वेल गच्चीच्या कठड्यावरून खाली लोंबू लागला. शेंगांची पहिली पसाभर तोडणी त्यांनी आमच्या घरी पाठवली. सुनेने त्या ताटात ओतल्या आणि विचारले, "भाजी करू, की बियाला ठेवायच्या?"

मी म्हटले, निम्म्यांची भाजी कर, बाकीच्या वेलावर वाळायला हव्या होत्या. ते आता जाऊन त्यांनाच विचारतो.